रस्त्यावर वाजवण्याची परवानगी : नागपुरातील एका तुटक सेवेचे परीक्षण

नागपुरात संध्याकाळच्या वेळी रस्त्याच्या कडेला, उद्यानाच्या फाटकाबाहेर किंवा तलावाच्या काठावर उभे राहून गाता-वाजवता येते का, आणि येत असेल तर त्यासाठी कोणाची परवानगी लागते, हा प्रश्न माझ्याकडे बासरी शिकायला येणारी मुले सतत विचारतात. त्यांच्यापैकी दोघांसाठी मी स्वतः अर्ज केले, संबंधित कार्यालयांत बसलो आणि त्या निमित्ताने लागू असलेले कायदे व नियम मुळातून वाचून काढले. काय मागितले, काय मिळाले, कोठे अडले आणि याचा उपयोग नेमका कोणाला आहे, हे कोणत्याही सेवेच्या परीक्षणात लिहितात तसे येथे लिहीत आहे. निष्कर्ष आधीच सांगतो. एका संध्याकाळचा ठरलेला कार्यक्रम करायचा असेल तर ही सेवा बऱ्यापैकी काम देते. परंतु रोज तास-दीड तास वाजवून चार पैसे मिळवू पाहणाऱ्या कलावंतासाठी ती उपलब्धच नाही, आणि तिच्या नसण्याची किंमत त्या कलावंतालाच मोजावी लागते.

‘रस्त्यावरील वादकाचा परवाना’ असा एखादा कागद कोणत्याही एका खिडकीवर मिळत नाही, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. ध्वनिक्षेपक लावायचा तर त्याची लेखी परवानगी पोलिसांकडून घ्यावी लागते, जागा वापरायची तर ती ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडून घ्यावी लागते, आणि गर्दी जमणार असेल तर वाहतुकीचा प्रश्न वेगळा उभा राहतो. नागपूरसारख्या शहरात जागेचा मालक शोधणे हेच एक स्वतंत्र काम होऊन बसते. एखादा रस्ता महापालिकेचा असतो, शेजारचे उद्यान नागपूर सुधार प्रन्यासाचे असू शकते, मेट्रो स्थानकाखालची मोकळी जागा महामेट्रोकडे असते आणि पुढचा मोठा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतो. पायी फिरणाऱ्याला हे सगळे सलग शहर वाटते, पण अर्जदाराला त्यातल्या वीस-पंचवीस फुटांच्या तुकड्याचा धनी कोण, हे आधी ठरवावे लागते.

आमचा अर्ज साधा होता. दोन मुले, एक बासरी, एक गिटार, बॅटरीवर चालणारा एक लहान स्पीकर, संध्याकाळी सहा ते साडेसात, पश्चिम नागपुरातील एका रुंद पदपथाचा कोपरा, आणि समोर ठेवलेला एक डबा. ज्या कार्यालयात हा अर्ज प्रथम दिला तेथील लिपिकाने तो नीट वाचला, हे आवर्जून सांगतो, कारण न वाचता परत करणारेही पुढे भेटले. वाचून झाल्यावर त्याने अडचण स्वच्छ शब्दांत सांगितली : “सर, हे फेरीवाल्यात बसत नाही अन् मिरवणुकीतही बसत नाही. सभा म्हणावं तर माईकवर भाषण नाही. मी हे लिहू कशात?” त्याच्या समोरच्या नमुन्यात सभा, मिरवणूक, धार्मिक कार्यक्रम, सांस्कृतिक कार्यक्रम असे रकाने होते, शेवटी ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ येथे खूण झाली. त्याबरोबर आयोजकाचे नाव, संस्थेचा नोंदणी क्रमांक, स्वयंसेवकांची संख्या, मंडपाचे मोजमाप आणि अपेक्षित उपस्थिती हे सगळे रकाने भरणे आले. दोन मुलांना स्वयंसेवक नव्हते आणि मंडपही नव्हता. तेथे रेघ मारली तर अर्ज अपूर्ण म्हणून परत येतो, म्हणून प्रत्येक ठिकाणी ‘निरंक’ असे लिहून खाली सही करावी, एवढी उपयुक्त सूचना त्याच लिपिकाने दिली. तिचा फायदा झाला.

यानंतर मात्र ते कागद एका टेबलावरून दुसऱ्यावर, आणि एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत राहिले. ध्वनिक्षेपकाची परवानगी देणाऱ्यांना आधी जागेचे ना हरकत प्रमाणपत्र हवे होते, आणि जागेचा विषय पाहणाऱ्यांना आधी पोलिसांची परवानगी हवी होती. असे पेच सोडवण्यासाठी कोणीतरी एकाने आधी ‘दुसऱ्याच्या मान्यतेच्या अधीन राहून’ अशी अट घालून सही करायची असते. तशी सही आम्हाला अखेर मिळाली, पण ती नियमाने मिळाली नाही. एका समजूतदार अधिकाऱ्यामुळे मिळाली. अर्जदाराच्या नशिबी कोण अधिकारी येतो यावर जी सेवा अवलंबून असते, तिला मी चांगली सेवा म्हणणार नाही. हातात पडलेला कागद एकाच दिवसापुरता होता. दुसऱ्या आठवड्यात त्याच कोपऱ्यावर, त्याच वेळेत, तीच दोन मुले वाजवणार असतील तर सगळा खटाटोप नव्याने करायचा होता.

आता या सेवेतील सर्वांत स्पष्ट आणि माझ्या मते सर्वांत न्याय्य भाग पाहू. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० हे देशभर लागू आहेत आणि ते वाचायला अवघड नाहीत. लेखी परवानगीशिवाय ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत, बंदिस्त सभागृहासारखे अपवाद सोडता, ध्वनिक्षेपकच नव्हे तर वाद्येही वाजवता येत नाहीत. वाद्यांचा हा स्पष्ट उल्लेख २०१० च्या दुरुस्तीने आला. सणासुदीसाठी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री बारापर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे, पण ती सवलत रस्त्यावरच्या एकट्या वादकासाठी नसून उत्सवांसाठी आहे. दिवसाची कमाल पातळी व्यापारी भागात ६५ डेसिबल, निवासी भागात ५५ आणि शांतता क्षेत्रात ५० आहे. रात्री हेच आकडे अनुक्रमे ५५, ४५ आणि ४० होतात. शांतता क्षेत्रात तर नियमांची भाषा आणखी कडक आहे : तेथे कोणतेही संगीत वाजवणे किंवा ढोल बडवणे हेच दंडनीय ठरवले आहे, मग त्याला स्पीकर जोडलेला असो वा नसो.

नागपूरच्या संदर्भात याचा अर्थ असा की धंतोली आणि रामदासपेठ या भागांत, जेथे पावलोपावली रुग्णालये आहेत, तेथे वाजवण्याचा विचारच करू नये. सिव्हिल लाइन्समध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठाच्या आसपासही तेच. रुग्णालय, शाळा-महाविद्यालय किंवा न्यायालय यांच्याभोवतीचे शंभर मीटर हे शांतता क्षेत्राचे अंतर आहे, आणि २०१७ च्या दुरुस्तीनंतर असे क्षेत्र शासनाने घोषित केलेले असणे आवश्यक झाले असले, तरी वादकाने त्या तांत्रिक मुद्द्यावर उभे राहू नये असे माझे ठाम मत आहे. ज्याच्या घरचा माणूस अतिदक्षता विभागात आहे त्याला खिडकीखालचा सर्वोत्तम यमनही नको असतो.

आमचा स्पीकर कागदावर फार लहान होता, तरी तो नियमात बसतो की नाही हे पाहणे गरजेचे होते. बासरीच्या तोंडाशी मायक्रोफोन आणि आवाजाची खुंटी निम्म्यावर ठेवून एका मोकळ्या मैदानात मोबाईलवर पातळी पाहिली. स्पीकरपासून एक मीटरवर आकडा ८५ च्या आसपास राहिला आणि दहा मीटरवर तो ६५ च्या जवळ उतरला. मोबाईल हे काही प्रमाणित यंत्र नव्हे, परंतु हे आकडे शास्त्राला धरून आहेत : मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ध्वनीची पातळी साधारण सहा डेसिबलने उतरते, आणि दहापट अंतरावर वीसने. म्हणजे बर्डीसारख्या व्यापारी भागात, दुकानांच्या दारापासून दहा-बारा मीटर दूर, निम्म्या आवाजावर वाजवणारा मुलगा नियमाच्या काठावर राहतो. तोच मुलगा धरमपेठेच्या आतल्या गल्लीत, बाल्कनीपासून पाच मीटरवर बसला तर नियमाबाहेर जातो. खुंटी पाऊण केली की दोन्हीकडे नियम मोडतो. शिवाय नागपुरातल्या कोणत्याही मोठ्या चौकात नुसत्या वाहनांचाच आवाज ही मर्यादा ओलांडत असतो, त्यामुळे वादक स्पीकर चढवतो, आणि मग तक्रार होते ती वादकाची. नीरी ही राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था आपल्याच शहरात आहे. बर्डी, इतवारी, फुटाळा, सक्करदरा अशा पाच-सहा ठिकाणी तिच्या तज्ज्ञांकडून मोजमाप करून घेऊन ‘येथे इतक्या अंतरावर, इतक्या क्षमतेचा स्पीकर चालेल’ असे एक पान महापालिकेने प्रसिद्ध केले, तर अर्जदार आणि ठाण्यातला हवालदार दोघांचाही निम्मा त्रास वाचेल.

या नियमांतून निघणारी एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. दिवसा, शांतता क्षेत्राबाहेर, स्पीकर न लावता वाजवणाऱ्याला या नियमांखाली लेखी परवानगी घ्यावी लागत नाही. परवानगीची अट ध्वनिक्षेपकाला आहे, खंजिरीला किंवा बासरीला नाही. ज्या विदर्भात तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या एका थापेवर गावेच्या गावे जमवली, तेथे हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

तथापि, तेवढ्याने सुटका होत नाही, कारण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ आहे. त्याच्या कलम ३३ खाली रस्त्यावर किंवा रस्त्यालगत वाद्य वाजवण्यावर नियंत्रण ठेवणारे, त्यासाठी परवाना लावणारे किंवा त्यास मनाई करणारे नियम पोलीस आयुक्तांना करता येतात. कलम ३७ खाली ठरावीक काळासाठी जाहीरपणे गाणी म्हणण्यास व संगीत वाजवण्यास बंदी घालता येते. आणि कलम ३८ खाली एखाद्या जागेतल्या संगीताचा रहिवाशांना उपद्रव होत असल्यास ते थांबवण्याचे लेखी आदेश देता येतात. नागपुरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते, शहरभर मोर्चे येतात आणि बंदोबस्त वाढतो, तेव्हा या तरतुदी नुसत्या पुस्तकात राहत नाहीत. डिसेंबरात बर्डी, संविधान चौक किंवा झिरो माइलच्या परिसरासाठी अर्ज करू नये, हा माझा व्यवहारातला सल्ला आहे. रस्ता अडवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हेही ध्यानात असावे. जुन्या दंड संहितेत हा दंड दोनशे रुपयांचा होता.

येथपर्यंतचे सगळे कायदे आवाज आणि रहदारी यांच्याविषयी आहेत, आणि त्यांच्यामागचे कारण मला पटते. ज्या कायद्यामुळे हे परीक्षण लिहिण्याची खरी गरज वाटली तो वेगळाच आहे. भीक मागण्यास प्रतिबंध करणारा १९५९ चा कायदा महाराष्ट्रात लागू आहे. सार्वजनिक ठिकाणी भिक्षा मागणे किंवा स्वीकारणे म्हणजे भीक, अशी त्याची व्याख्या आहे. आणि ती भिक्षा गाण्याच्या, नाचण्याच्या, भविष्य सांगण्याच्या, खेळ करून दाखवण्याच्या किंवा वस्तू विकण्याच्या मिषाने घेतलेली असली तरी ती भीकच, असे त्या व्याख्येत स्पष्ट म्हटले आहे. असा माणूस वॉरंटशिवाय पकडता येतो, आणि पहिल्यांदा दोषी ठरला तरी त्याला एक ते तीन वर्षे संस्थेत डांबून ठेवण्याची तरतूद आहे. ध्वनिक्षेपकाची परवानगी खिशात असली, जागेचे ना हरकत प्रमाणपत्र असले, तरी समोर ठेवलेल्या डब्यात एखाद्या आजोबांनी दहाची नोट टाकली की तो वादक या व्याख्येच्या दारात उभा राहतो. आमच्या परवानगीपत्रात त्या डब्याविषयी एक अक्षरही नव्हते. मी विचारले तेव्हा, “पैशाचं काही लिहू नका सर, अर्ज अडकेल,” असा सल्ला मिळाला. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला होता, पण याचा परिणाम असा होतो की ज्यासाठी कलावंत रस्त्यावर येतो तीच गोष्ट कागदावर येत नाही आणि म्हणून तिला संरक्षणही मिळत नाही.

कायद्याने किंवा नेमलेल्या अधिकाऱ्याने मान्य केलेल्या कारणासाठी पैसे स्वीकारणे या व्याख्येतून वगळलेले आहे, हे मी येथे मुद्दाम नोंदवतो, कारण उपाय त्याच ओळीत आहे. परवानगीपत्रात ‘श्रोत्यांनी स्वखुशीने दिलेले मानधन स्वीकारण्यास मुभा आहे’ एवढे एक वाक्य घातले, तर वादकावरची टांगती तलवार बरीचशी दूर होईल. त्यासाठी नवा कायदा करण्याची वाट पाहावी लागणार नाही.

हा प्रश्न केवळ गिटार घेऊन उभ्या राहणाऱ्या महाविद्यालयीन मुलांचा असता तर मी एवढा भर दिला नसता. त्यांना घरी जाऊन जेवायला मिळते. गोंधळी, वासुदेव, नंदीबैलवाले, पोतराज, बहुरूपी यांच्यासाठी रस्ता हाच पिढ्यान्‌पिढ्यांचा रंगमंच आहे आणि लोकांनी दिलेले दान हेच मानधन आहे. त्यांच्यातील अनेकजण भटक्या जमातींतले आहेत, त्यांच्याकडे पत्त्याचा पुरावा नसतो, आणि ‘आयोजक संस्थेचा नोंदणी क्रमांक’ या रकान्यापाशीच त्यांचा अर्ज संपतो. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये याच कायद्याच्या, दिल्लीत लागू असलेल्या, अनेक तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. गरिबीला गुन्हा मानता येणार नाही, हे त्या निकालाचे सार आहे. तो निकाल दिल्लीपुरता आहे. नागपुरात मार्च २०२३ मध्ये पोलिसांनी तत्कालीन फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली चौकांत आणि सार्वजनिक ठिकाणी भीक मागण्यास मनाई करणारा आदेश काढला होता. वाहतुकीच्या सिग्नलवर होणाऱ्या जबरदस्तीला आळा घालण्याचा त्यामागचा हेतू समजू शकतो. पण खंजिरी वाजवून भजन म्हणणारा दृष्टिहीन माणूस आणि गाडीच्या काचेवर थापा मारून पैसे मागणारा माणूस यांच्यात फरक करणारी ओळ कायद्यात नसेल, तर ती ओळ जागच्या जागी कोणीतरी हवालदार आपल्या बुद्धीने आखतो, आणि हे ओझे त्या हवालदारावरही टाकू नये.

दुसऱ्या बाजूला एक कायदा आहे ज्याचे दार मला अर्धे उघडे दिसते. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा २०१४ चा केंद्रीय कायदा पथविक्रेत्याच्या व्याख्येत वस्तू विकणाऱ्यांबरोबर रस्त्यावर लोकांना सेवा देणाऱ्यांचाही समावेश करतो. चप्पल शिवणारा, चावी बनवणारा, दाढी करणारा त्यात येतो. मग गाणे ऐकवणारा का येऊ नये? आला, तर त्याला नगर पथविक्रेता समितीमार्फत प्रमाणपत्र मिळू शकेल, जागा ठरवून मिळेल, हटवायचे झाल्यास तीस दिवसांची नोटीस द्यावी लागेल, आणि तक्रार ऐकायला निवृत्त न्यायिक अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील समिती असेल. नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के जागा पथविक्रेत्यांच्या प्रतिनिधींना असतात, त्यांतील एक तृतीयांश महिलांना. मी हा मुद्दा लेखी मांडला तेव्हा मला उत्तर मिळाले नाही. मात्र तोंडी एका ज्येष्ठ कर्मचाऱ्याने प्रामाणिक शंका काढली : वादकाला प्रमाणपत्र दिले तर तो एक जागा कायमची अडवेल आणि शेजारच्या भाजीवाल्याची जागा जाईल. ही शंका खोटी नाही. प्रत्येक झोनमध्ये पथविक्रेत्यांची संख्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंतच धरलेली आहे आणि त्या जागांसाठी आधीच ओढाताण आहे. म्हणून वादकाला पूर्ण दिवसाची जागा न देता दीड-दोन तासांची पाळी द्यावी, हे मला अधिक योग्य वाटते. वादकालाही त्याहून अधिक नको असते. दोन तासांनंतर गळा आणि ओठ दोन्ही थकतात.

गाण्यांच्या हक्कांचा प्रश्न थोडक्यात आटोपतो. चित्रपटगीते सार्वजनिक ठिकाणी सादर करण्यासाठी हक्कधारकांचा परवाना लागू शकतो. गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क टिकतो. संतांचे अभंग, पारंपरिक भारुडे, रागसंगीत आणि स्वतःच्या रचना यांना ही अडचण नाही. परवानगी देणाऱ्या कार्यालयांत मला याविषयी कोणी विचारले नाही, परंतु अर्जासोबत गाण्यांची यादी जोडली तर अर्जाचे वजन वाढते, असा माझा अनुभव आहे.

इतर शहरांनी ही सेवा कशी दिली आहे हे पाहिले की आपल्याकडे काय कमी आहे ते नेमके दिसते. न्यूयॉर्कमध्ये पदपथावर स्पीकरशिवाय वाजवायला परवाना लागत नाही. स्पीकर लावायचा तर त्या भागाच्या पोलीस ठाण्यातून ४५ डॉलर भरून एका दिवसाची परवानगी मिळते. तेथील भुयारी रेल्वेत १९८५ पासून एक योजना चालते, ज्यात चाचणी घेऊन कलावंत निवडतात आणि त्यांना मोठ्या स्थानकांवर जागा व वेळ ठरवून देतात. लंडनच्या भुयारी रेल्वेत २००३ मध्ये ठरावीक जागा आखून, परवानाधारक वादकांना पाळ्या वाटून देण्याची पद्धत सुरू झाली. त्याच लंडनमध्ये १८६४ साली घरापुढून वादकाला हुसकावण्याचा हक्क रहिवाशांना देणारा खास कायदा झाला होता, आणि गणिती चार्ल्स बॅबेज हे रस्त्यावरच्या वादकांचे कट्टर विरोधक म्हणून प्रसिद्ध होते. म्हणजे ही भांडणे नवी नाहीत आणि एकट्या आपलीही नाहीत. वेस्टमिन्स्टर भागात २०२१ पासून परवाना सक्तीचा झाला, आणि तरीही २०२५ मध्ये लेस्टर स्क्वेअरजवळच्या एका कंपनीने आवाजाबद्दल खटला जिंकल्यावर तेथील वादन थांबवावे लागले. परवाना दिला म्हणजे शेजाऱ्यांचा प्रश्न सुटला असे होत नाही, हा त्यातला धडा नागपूरने आधीच घ्यावा. सिंगापूरमध्ये राष्ट्रीय कला परिषदेची योजना १९९७ पासून आहे. आपल्या राज्यातही मुंबईत नॅशनल स्ट्रीट्स फॉर परफॉर्मिंग आर्ट्स या संस्थेने परवानग्या मिळवून सार्वजनिक जागांवर आणि काही रेल्वे स्थानकांवर कलावंतांना नियमितपणे उभे केले. तेथे कलावंताला स्वतः दारोदार फिरावे लागले नाही, कारण संस्था मध्ये होती. नागपुरात सुरेश भट सभागृह आहे, वसंतराव देशपांडे सभागृह आहे, आणि भाड्याचे पैसे असलेल्याला ती मिळतात. ज्याच्याकडे भाड्याचे पैसे नाहीत त्याच्यासाठी मध्यस्थ संस्था नाही आणि खिडकीही नाही.

गुण द्यायचे झाले तर ध्वनिक्षेपकाच्या परवानगीला मी पाचपैकी साडेतीन देईन. नियम स्पष्ट आहेत, शुल्काने कंबर मोडत नाही, आणि ज्या अधिकाऱ्यांशी आमचा संबंध आला त्यांतील बहुतेकांनी उद्धटपणा केला नाही. जागेच्या परवानगीला दीड, कारण तेथे मालकच सापडत नाही. रोज वाजवणाऱ्या कलावंतासाठीच्या सेवेला शून्य, कारण ती नाही. प्रत्यक्ष ती संध्याकाळ मात्र उत्तम गेली. मुलांनी भूपाने सुरुवात केली, समोरच्या रसवंतीवाल्याने आपले घुंगरू लावलेले यंत्र स्वतःहून बंद ठेवले, आणि गस्तीवरच्या हवालदाराने परवानगीपत्र पाहून झाल्यावर मुलांना पदपथाच्या आतल्या बाजूला दोन पावले सरकायला सांगितले, जेणेकरून चालणाऱ्यांना वाट राहील. ती सूचना योग्य होती आणि ती कोणत्याही नियमपत्रकात लिहिलेली नव्हती. चालणाऱ्यांसाठी किती फूट मोकळे सोडायचे, स्पीकरचे तोंड कोणत्या दिशेला ठेवायचे, एका कोपऱ्यावर किती वेळ थांबायचे, एवढ्या तीन गोष्टी छापील स्वरूपात मिळाल्या तर बहुतेक वाद उद्भवणारच नाहीत.

ज्यांना सध्याच्या व्यवस्थेतूनच वाट काढायची आहे त्यांच्यासाठी माझी शिफारस अशी. एकटे असाल आणि वाद्य मृदू असेल तर स्पीकर घेऊच नका. दिवसा, रुग्णालये व शाळा टाळून, दुकानदाराला आधी विचारून वाजवा, म्हणजे लेखी परवानगीचा मोठा भाग आपोआप गळतो. स्पीकर हवाच असेल तर सार्वजनिक रस्त्याऐवजी एखाद्या गृहसंकुलाचे, वाचनालयाचे किंवा दुकानाचे खासगी आवार मागा. जागेचा मालक एकच असतो आणि तो सही करू शकतो. स्पीकरची क्षमता, त्याचे छायाचित्र आणि जागेचा हाताने काढलेला नकाशा अर्जाला जोडा, कारण नकाशा पाहिल्यावर पुढचे प्रश्न निम्म्याने कमी होतात. श्रोत्यांकडून पैसे स्वीकारणार असाल तर ते अर्जात लिहा आणि त्याला लेखी होकार मागा. तो अडकण्याची भीती आहे, तरीही मी आता प्रत्येक अर्जात ते लिहितो, कारण ते लिहिल्याशिवाय कोणत्याही कार्यालयाला त्यावर निर्णय घ्यावाच लागणार नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवांना मुदत असते, मुदत टळल्यास अपील करता येते आणि दोषी अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. म्हणून आपण मागत असलेली परवानगी त्या यादीत आहे का, हे अर्ज देतानाच विचारून घ्यावे. पोचपावतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये, कारण पुढचे अपील त्याच क्रमांकावर चालते.